हॉर्न मुका झाला तर

भोरहून महाडला जाताना वरंधा घाट लागतो. रस्ता अरुंद, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि वळणे अशी की, पुढून काय येत आहे ते वळण संपल्यावरच कळावे. अशा वळणावर हॉर्न वाजवावा, हे कोणी सांगावे लागत नाही. तीन वर्षांपूर्वी कार्तिकात मी या घाटाने उतरत होतो. गाडी माझीच, लहान, पंधरा वर्षांची जुनी. वळण आले म्हणून हॉर्नवर तळहात दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला. नाही. इतक्यात वळणापलीकडून, शाळा सुटून घरी निघालेली पाच-सहा मुले गप्पा मारीत, रस्त्याच्या मधोमध माझ्यासमोर उभी. वेग बेताचा होता म्हणून गाडी वेळेवर थांबली. एका मुलीचे दप्तर घाबरून खाली पडले. तिने ते उचलले, झटकले आणि मला म्हणाली, “काका, हॉर्न तर वाजवायचा!”

मला उत्तर सुचले नाही. वाजवला होता, पण वाजला नव्हता, हे तिला कसे सांगणार?

मंडळी, मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. मोटारीचा मिस्त्री नव्हे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मी जे केले ते अर्थशास्त्राच्या माणसाला न शोभणारे होते. दुकानात गेलो, सातशे रुपये मोजले, नवा हॉर्न आणला, शेजाऱ्याच्या मदतीने बसवला आणि मोठ्या दिमाखाने बटण दाबले. नवा हॉर्नही मुकाच! दुकानदार म्हणाला, विजेचा माल एकदा लावला की परत घेत नाही. मग मी गाडी रस्त्याकडेच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीने दोन वायरी जोडलेला एक लहानसा दिवा काढला, दहा मिनिटे इथे-तिथे टेकवून पाहिला, आणि पॉलिश पेपरच्या एका तुकड्याने माझा हॉर्न बोलता केला. माझा जुना हॉर्न मुळात बिघडलेलाच नव्हता.

त्या दहा मिनिटांत त्याने काय केले, ते मी नंतर त्याच्याकडून नीट शिकून घेतले. तेच आज तुम्हांला सांगावयाचे आहे. मोटारच कशाला, ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल, सगळ्यांना हीच रीत लागू पडते.

आधी हॉर्न म्हणजे काय ते पाहू. या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी शिंग. आपल्याकडे रणशिंग होते, तुतारी आजही लग्नामिरवणुकीत फुंकतात. तसेच तिकडेही शिंग फुंकूनच इशारा देत. मोटारी आल्या तेव्हा शिंगाच्या मागे रबरी फुगा बसवला. जुन्या मालमोटारींच्या दाराबाहेर तो ‘पों पों’ करणारा भोंगा ज्यांनी दाबला आहे अशी माणसे अजून गावोगाव भेटतात. त्याच्यात वीज नव्हती. फुग्यातली हवा एका धातूच्या पत्तीवरून जाई आणि पत्ती थरथरे, अगदी बाजाच्या पेटीत होते तसे. पुढे अमेरिकेतील मिलर रीझ हचिसन या अभियंत्याने विजेवर वाजणारा क्लॅक्सन नावाचा हॉर्न काढला. तो १९०८ साली बाजारात आला. त्याच्यात एक छोटी मोटर दातेरी चाक फिरवी आणि ते चाक पत्र्याच्या पडद्याला खरवडून कर्कश आवाज काढी. फ्रान्समध्ये आजही कोणत्याही हॉर्नला क्लॅक्सनच म्हणतात.

आजच्या गाडीतला हॉर्न याहून साधा आहे. शिक्षकमित्रांना तो चटकन समजेल, कारण तो म्हणजे पाठ्यपुस्तकातली विजेची घंटाच. आत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज गेली की त्याचे चुंबक बनते. समोर पोलादी पत्र्याचा पडदा असतो आणि त्याच्या मध्यभागी लोखंडाचा तुकडा. चुंबकाने तो तुकडा आपल्याकडे ओढला की पडदा वाकतो. आणि गंमत पाहा, तो वाकता वाकताच आतल्या दोन पॉइंटना एकमेकांपासून दूर ढकलतो. पॉइंट सुटले की वीज तुटली. वीज तुटली की चुंबक गेले. चुंबक गेले की पडदा उसळून जागेवर आला. आणि पडदा जागेवर आला की पॉइंट पुन्हा मिटले. वीज पुन्हा सुरू! असे एका सेकंदात तीनशे ते पाचशे वेळा घडते, आणि त्या थरथरण्यालाच आपण हॉर्नचा आवाज म्हणतो. घंटेत हाच खेळ टोला मारण्यासाठी चालतो, इथे पडदा हलवण्यासाठी.

तारेतल्या विजेने होकायंत्राची सुई हलते हे ओर्स्टेडला १८२० मध्ये दिसले आणि १८२५ मध्ये विल्यम स्टर्जनने विजेचे चुंबक करून दाखवले. म्हणजे हॉर्नमधली मूळ युक्ती दोनशे वर्षांची झाली.

या बांधणीतून दोन गोष्टी निघतात, त्या लक्षात असू द्या. पॉइंट स्वच्छ हवेत, नाहीतर खेळ सुरूच होत नाही. आणि वीज भरपूर हवी. बाजूचा वळणदिवा साधारण पावणेदोन ॲम्पियर वीज घेतो. एक हॉर्न तीन ते पाच ॲम्पियर घेतो, आणि गाडीला दोन हॉर्न असले तर त्याच्या दुप्पट. एवढी वीज सुकाणूचक्रावरच्या नाजूक बटणातून नेली तर बटण जळेल. म्हणून मध्ये रिले नावाची एक डबी असते. बटण फक्त रिलेला इशारा करते आणि रिले हॉर्नची वीज सोडतो. पाटाचे दार जसे एका माणसाने चावी फिरवून उघडावे आणि पाणी मात्र पाटभर धावावे, तसा हा प्रकार. (काही मोटारसायकलींत आणि जुन्या गाड्यांत रिले नसतो, तिथे बटणच सारा भार सोसते, आणि म्हणून तिथे बटणच आधी तपासावे.)

पाटाचा विषय निघालाच आहे तर तोच धरून पुढे जाऊ. तुमच्या वाफ्यात पाणी आले नाही तर तुम्ही काय करता? वाफा खणून नवा करत नाही. तुम्ही पाटाच्या कडेने चालत जाता आणि पाणी कुठवर आले आहे ते पाहता. चारीपर्यंत आहे, दारापर्यंत आहे, पुढे नाही. म्हणजे दोष दारात. हॉर्नचे हेच करावयाचे. मी मात्र वाफाच बदलून टाकला, सातशे रुपयांना.

पण पाण्यात आणि विजेत एक मोठा फरक आहे, आणि माझी फजिती त्याच फरकात होती. पाणी वाफ्यात पोहोचले की काम झाले. त्याला धरणात परत जावे लागत नाही. विजेला मात्र परत जावे लागते. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली वाट फ्यूज, रिले, हॉर्न अशी फिरून बॅटरीच्या ऋण टोकाशी मिळालीच पाहिजे. मोटारीत ही परतीची वाट बहुधा गाडीच्या लोखंडी सांगाड्यातूनच असते. मिस्त्री लोक तिला ‘अर्थ’ म्हणतात. जायची वाट सगळे तपासतात. परतीची वाट कोणी तपासत नाही.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. प्रथम हे पाहा की गाडीचे दिवे उजळ आहेत का आणि इंजिन एका झटक्यात चालू होते का. नसेल तर दोष बॅटरीत असेल. हॉर्नला बोल लावू नका. मग एका माणसाला बटणाशी बसवा आणि बॉनेट उघडून कान द्या. हॉर्नच्या तोंडाशी कान नेऊ नका; तो अवचित वाजला तर दिवसभर कानात शिट्टी वाजत राहील. आणि गाडी थंड असली तरी पंख्यापासून हात दूर ठेवा. हल्लीचे पंखे विजेचे असतात, इंजिन बंद असतानाही ते आपणहून फिरू लागतात.

बटण दाबल्यावर रिलेतून ‘टक’ असा बारीक आवाज येतो का? रिले फ्यूजच्या डबीत असतो. कोणता रिले हॉर्नचा, ते डबीच्या झाकणावर छापलेले असते. ऐकू येत नसेल तर त्यावर बोट ठेवा, धक्का जाणवतो. टक झाले तर बटण ठीक, रिलेला इशारा पोहोचतो आहे; दोष बहुधा रिलेच्या पुढे, हॉर्नच्या बाजूला. टक झाले नाही तर दोष रिलेत किंवा त्याच्या मागे.

मागे म्हणजे सगळ्यांत आधी फ्यूज. फ्यूज उपसून उजेडात धरा. आतली पट्टी तुटली असेल तर तेवढ्याच ॲम्पियरचा दुसरा घाला. हॉर्नचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ ॲम्पियरचा असतो, आकडा त्याच्या पाठीवर असतो. इथे मला हात जोडून एक सांगायचे आहे. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे, सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणे, असले उद्योग आपल्याकडे सर्रास चालतात. फ्यूज उगाच जळत नाही. कुठेतरी वायर सोलवटून लोखंडाला लागली आहे, हेच तो सांगत असतो. त्याचे तोंड बंद केले की वीज वायरीच जाळते, आणि पाठोपाठ गाडी. नवा फ्यूज घालताच तोही जळला तर तिसरा घालू नका, वायर शोधा. ऊसपट्ट्यात तर वायरी उंदीर कुरतडतात. रात्री शेताकडेला उभी राहिलेली गाडी त्यांना आयते घर वाटते.

फ्यूज चांगला असेल तर रिले पाहा. डबीत बहुधा तशाच आकाराचे आणि त्याच क्रमांकाचे आणखी रिले असतात. एकाची जागा दुसऱ्याला देऊन पाहा. हॉर्न वाजला तर रिलेच दोषी. ही परीक्षा फुकटची आहे, म्हणून मला फार आवडते. मात्र क्रमांक तोच असला पाहिजे. नुसता आकार सारखा असून चालत नाही.

रिले बदलूनही टक होत नसेल तर बटण किंवा त्याची वायर. बहुतेक गाड्यांत बटण रिलेच्या परतीच्या वाटेवर असते. दाबले की ते रिलेची वायर सांगाड्याला जोडते आणि वाट पुरी होते. म्हणूनच ती वायर कुठे सोलवटून लोखंडाला टेकली तर हॉर्न कोणी न दाबता अखंड वाजू लागतो. असे भर बाजारात झाले तर घाबरू नका. रिले किंवा फ्यूज उपसा, तो थांबेल. दुसरी खूण अशी की, चाक सरळ असताना हॉर्न वाजतो आणि वळवले की वाजत नाही. मग चाकाखालचा फिरता सांधा झिजला, हे नक्की.

तो सांधा मात्र घरी उघडू नका. हल्लीच्या गाड्यांत चाकाच्या मध्यभागी, हॉर्नच्या बटणामागेच, हवेची पिशवी असते. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकापुढे ती सक्तीची झाली. अपघातात ती क्षणार्धात स्फोटासारखी फुगते. खोलताना चुकून फुगली तर हात आणि तोंड सलामत राहणार नाही. अशा गाडीत चाकाखाली घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली एक पट्टी असते. तिच्यातून हॉर्नच्या आणि पिशवीच्या वायरी जातात. हॉर्न मुका झाला आणि त्याच सुमारास समोरच्या फळीवर पिशवीचा इशारादिवा पेटून राहिला, तर ती पट्टी तुटली असे समजा आणि गाडी जाणकाराकडे न्या. पिवळ्या आवरणाच्या वायरी या पिशवीच्या. त्यांना आपला दिवा लावू नये. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत नारिंगी आवरणाच्या जाड वायरी असतात. त्यांना तर स्पर्शही नको.

आता दुसरी बाजू. रिले टक करतो, पण हॉर्न गप्प. इथे मिस्त्रीचा तो दिवा कामी येतो. १२ व्होल्टचा लहान बल्ब, दोन हात लांबीच्या दोन वायरी, टोकाला चिमटे. खर्च शे-दीडशे रुपये. हॉर्न बहुधा पुढच्या जाळीमागे किंवा बंपरच्या आत असतो. त्याची खोच काढा. दिव्याचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावा, दुसरे हॉर्नकडे येणाऱ्या वायरीला, आणि साथीदाराला बटण दाबायला सांगा. दिवा लागला नाही तर वीज इथवर आलेलीच नाही. रिलेपासून इथपर्यंतची वायर हाताने चाचपत या. दिवा लागला तर वीज आली.

माझ्या गाडीत दिवा लख्ख लागला. मी म्हणालो, “म्हणजे नवा हॉर्नही खराब निघाला.” मिस्त्री हसला. “थांबा सर. आता दिवा हॉर्नच्या जागी लावू.” त्याने बॅटरीवरचा चिमटा काढून हॉर्नच्याच दुसऱ्या, काळ्या वायरीला लावला आणि बटण दाबायला सांगितले. दिवा लागला नाही. येणारी वीज तीच, दिवा तोच; बदलली होती फक्त परतीची वाट. काळी वायर बंपरमागे एका बोल्टाखाली सांगाड्याला आवळलेली होती. बोल्ट काढला तर खाली नुसता तांबूस गंज. कोकणातले चार पावसाळे त्या बोल्टाने झेलले होते. पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, वायरीचे कडे घासले, बोल्ट आवळला, वरून थोडे ग्रीस फासले. नवा हॉर्न वाजला. मग त्याने माझा जुना हॉर्न मागितला आणि तो लावला. तोही वाजला.

काही हॉर्नना काळी वायर नसते. ज्या पट्टीवर हॉर्न बसतो तीच परतीची वाट. तिथे ती पट्टी घासावी. कोणीतरी हौसेने पट्टीला रंग देतो आणि हॉर्न बंद पडतो. रंगातून वीज जात नाही हे त्याच्या ध्यानात येत नाही.

दिवा दोन्ही ठिकाणी लागला आणि तरी हॉर्न गप्प, तरच हॉर्नला दोष द्या. तेव्हाही लगेच फेकू नका. तो काढून, मध्ये फ्यूज घातलेल्या वायरीने थेट बॅटरीला लावून पाहा. नुसते ‘टक’ करून थांबत असेल किंवा घसा बसल्यासारखा बोलत असेल, तर पाठीवर एक लहान स्क्रू दिसतो का पाहा. आतल्या पॉइंटांचे अंतर त्याने कमीजास्त होते. स्क्रू मूळ कुठे होता त्याची खूण करा आणि पाव फेऱ्याहून अधिक एका वेळी फिरवू नका. बऱ्याचदा घसा सुटतो. ज्या हॉर्नवर असा स्क्रू नाही किंवा तो लाखेने बंद केला आहे, त्याच्या वाटेला न गेलेले बरे. शंखाच्या आकाराचा हॉर्न असेल तर त्याच्या तोंडात पाहा. चिखल असतो, पाणी असते. एकदा तर एका ट्रॅक्टरच्या हॉर्नमध्ये कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले मी पाहिले आहे. बिचारीने जागा मोठी छान निवडली होती! हॉर्न बसवताना तोंड खाली झुकलेले ठेवावे, म्हणजे पाणी आत साचत नाही; आणि गाडी धुताना जोराचा फवारा थेट त्याच्यावर मारू नये.

हे सगळे सांगतो आहे म्हणून हॉर्न सारखा वाजवत सुटावे असे नव्हे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीला हॉर्न असलाच पाहिजे, पण निरनिराळ्या सुरांत गाणारा, कर्णकर्कश हॉर्न चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्याला पहिल्या वेळी १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आहे. शाळा, दवाखाने आणि न्यायालये यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. आमच्या कॉलेजच्या फाटकापाशीच हा नियम किती पाळला जातो, ते मी न बोललेले बरे.

शिक्षकमित्रांसाठी एक सूचना करून थांबतो. गॅरेजात निकामी हॉर्न भंगारात पडलेले असतात. मागितले तर मिस्त्री आनंदाने देतात. त्याच मिस्त्रीने मला दिलेला एक हॉर्न मी आमच्या शेजारच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे नेला. त्यांनी कडेचे रिव्हेट घासून पडदा मोकळा केला आणि वेटोळे, लोखंडाचा तुकडा आणि पॉइंट असे सारे सुटे करून टेबलावर मांडले. मग पाठ्यपुस्तकातले घंटेचे चित्र शेजारी उघडे ठेवून मुलांना एवढेच विचारले की, चित्रातला कोणता भाग इथे कुठे आहे. पॉइंट शोधायला मुलांना वेळ लागला. ते काळे पडले होते, एकाला एक चिकटले होते. एका मुलाने नखाने ते सोडवले आणि विचारले, “सर, हे घासले तर वाजेल का?” सरांनी त्याच्या हातात पॉलिश पेपर दिला.